पाणी घातलेला दुष्काळ

मला डॉक्टर म्हणू नका, हे मला अजूनही लोकांना सांगावं लागतं. गुरुग्रामच्या आमच्या सोसायटीत कोणाला तरी कळलं की या काकू नोकरीत असताना शेतीचं संशोधन करायच्या, आणि तेव्हापासून लोक मेलेल्या तुळशीच्या कुंड्या घेऊन मला लिफ्टपाशी गाठतात. "डॉक्टर आंटी, ज़रा देखिए ना, क्या हो गया इसको." मी बघते. दरवेळी तेच झालेलं असतं, सकाळ-संध्याकाळ पाणी ओतून मुळं कुजवलेली असतात. मी सांगते, पाणी कमी घाला, आणि मी डॉक्टर नाही. पहिलं त्यांना पटत नाही आणि दुसरं त्यांना माझा विनय वाटतो. विनय माझ्या अंगात औषधालाही नाही. माझी पीएच.डी. झाली नाही, इतकी साधी गोष्ट आहे. ती का झाली नाही हे मी घरात शंभरदा सांगितलंय. आता मुलगा "आई, पुन्हा मूग?" म्हणून उठून जातो, म्हणून लिहून काढते आहे.

लग्न होऊन दिल्लीला आले ते ऐंशीच्या दशकात. नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत, दोन खोल्यांचं सरकारी क्वार्टर, आणि माझ्याकडे महाराष्ट्रातून आणलेली शेतकीची एम.एस्सी. शहराच्या कडेला तेव्हा एक सरकारी संशोधन केंद्र होतं. आता तिथे गाड्यांची शोरूम्स आहेत आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही. तिथे मला तांत्रिक सहायकाची जागा मिळाली. आमच्याकडे तांत्रिक सहायक म्हणजे उन्हात उभं राहणारा माणूस आणि शास्त्रज्ञ म्हणजे वाळ्याचे पडदे लावलेल्या गार खोलीत बसणारा माणूस. मला त्या खोलीची हाव नव्हती, पण प्रयोग माझे, घाम माझा आणि निबंधावर नाव दुसऱ्याचं, याचा मात्र संताप यायचा. शास्त्रज्ञाची जागा पीएच.डी.शिवाय मिळत नसे. नोकरीत राहून ती करायची परवानगी मी खटपट करून मिळवली. मुदत ठरलेली होती, त्या मुदतीत जमलं तर जमलं, नाहीतर जन्मभर सहायक. 

मार्गदर्शक म्हणून मिळाले आमचे विभागप्रमुखच. ते मराठी होते. दिल्लीतल्या मराठी माणसांना हे फार मोठं भाग्य वाटतं. मंडळाच्या गणपतीत भेटलेल्या प्रत्येक बाईने मला सांगितलं की आपलाच माणूस साहेब आहे, आता तुला काळजी नाही. सर दिल्लीत इतकी वर्षं राहिले होते की त्यांच्या मराठीला हिंदीचे ठिकठिकाणी टेकू लागायचे. फिकट रंगाचा सफारी सूट, खिशाला दोन पेनं आणि बोलताना डोळे किंचित मिटायची सवय. माणूस वाईट नव्हता. कोणाच्या घरी आजारपण असेल तर गाडी पाठवायचे, प्यूनच्या मुलीच्या लग्नाला स्वतः जायचे. फक्त शास्त्राशी त्यांचा संबंध उरला नव्हता. तो कधी तुटला हे त्यांना कळलंही नसावं. शेतात ते यायचे ते पाहुण्यांना घेऊन, आणि बूट खराब होऊ नयेत म्हणून बांधावरूनच चालायचे.

विषय त्यांनीच दिला. सरांचं एका गोष्टीवर मन जडलं होतं, ते म्हणजे कंपोस्ट. केंद्राच्या मागच्या बाजूला त्यांनी खड्डे खणवून घेतले होते. पालापाचोळा, शेण, कापलेलं गवत, कँटीनमधली भाजीची देठं असं सगळं त्यात कुजायचं. खत उत्तम व्हायचं, हे कबूल करायला हवं. काळं, भुसभुशीत, हातात घेतलं तर नुसता मातीचा वास. सरांचं म्हणणं असं की हे खत जमिनीत ओल धरून ठेवतं, तेव्हा पाऊस हुकला, पाणी कमी पडलं तरी कडधान्याला धोका नाही. मुगावर हे सिद्ध करायचं. "सिद्ध करायचं," असंच ते म्हणाले. तपासायचं म्हणाले नाहीत. मी तेव्हा तरुण होते, मला वाटलं बोलण्याची पद्धत आहे.

प्रयोग समजायला सोपा होता. दिल्लीत उन्हाळी मूग मार्चमध्ये पेरतात, एप्रिलच्या अखेरीला तो फुलावर येतो आणि मे महिन्यात शेंगा भरतात. मी वाफे पाडले. निम्म्यांत कंपोस्ट घातलं, निम्म्यांत नाही. मग त्या दोन्हींतल्या काहींना वेळच्या वेळी पाणी आणि काहींचं पाणी ऐन फुलोऱ्यात तोडायचं. याला आमच्या धंद्यात पाण्याचा ताण देणं म्हणतात. अवकाळी सरीने घोटाळा करू नये म्हणून ताणाच्या वाफ्यांवर लोखंडी सांगाडा होता. आभाळ भरून आलं, आंधी सुटली, की धावत जाऊन त्याच्यावर प्लास्टिक ओढायचं. दिल्लीची आंधी म्हणजे पाच मिनिटांत तोंडात, नाकात, चहात माती. मोर शेंगा सोलून खायचे, नीलगायी कुंपण मोडून यायच्या. आणि लू, म्हणजे तिथला उन्हाळी झळांचा वारा, चालू असताना दुपारी पानांची तपासणी करायची असायची, कारण झाडाला ताण किती बसलाय हे भर दुपारीच कळतं. त्या वेळी शेतात मी आणि मोर एवढेच असायचो.

पहिला हंगाम पांढऱ्या माशीने खाल्ला. पानं पिवळीधमक झाली, शेंगा धरल्याच नाहीत. दुसऱ्या हंगामात मात्र पीक चांगलं आलं आणि त्याने मला एक गोष्ट दाखवली, जी सरांना अजिबात नको होती.

पाणी थोडं कमी पडलं तर कंपोस्टचा वाफा खरोखरच सरस ठरत होता. ओल चार दिवस जास्त टिकायची, झाड टवटवीत राहायचं. इथपर्यंत सर बरोबर होते. पण पाणी पुरतंच तोडलं की गणित उलटायचं. कंपोस्टवरचा मूग आधीच्या सुखात भरपूर पानं फोडून बसलेला असायचा. जितकी पानं जास्त तितकं पाणी जास्त. जमिनीतली साठवलेली ओल तो भराभरा पिऊन टाकायचा आणि ऐन शेंगा भरायच्या वेळी कोरडा पडायचा. त्याच्या शेजारचा बिनखताचा खुरटा मूग मात्र आधीपासूनच काटकसरीत वाढलेला, तो कसाबसा चार शेंगा भरून मोकळा व्हायचा. म्हणजे कडक दुष्काळात कंपोस्टच्या वाफ्याचं उत्पन्न उलट कमी. मला हे दिसलं तेव्हा आनंद झाला, खोटं कशाला बोलू. खत वाईट आहे असा त्याचा अर्थ नव्हता. खत घाला, पण फुलोऱ्यात एक तरी पाणी राखून ठेवा, असा अर्थ होता. कोणालाही उपयोगी पडेल असं ते ज्ञान होतं आणि ते मी शोधलं होतं.

सरांनी आकडे बघितले, डोळे किंचित मिटले आणि म्हणाले, "एका सीझनचं काय धरायचं? पुढच्या वर्षी ठीक होऊन जाईल."

विद्यापीठाचा नियमही तसाच होता. निदान दोन हंगामांचे धड आकडे असले तरच प्रबंध. त्यामुळे तिसरा हंगाम हा माझा शेवटचा होता. त्यात पुन्हा तेच दिसलं तर माझी पीएच.डी. पक्की, कारण नवं काहीतरी हाती लागलेलं. नाही दिसलं तरी हरकत नव्हती, त्याचंही कारण शोधलं असतं. फक्त प्रयोग नीट पार पडायला हवा होता.

मी तिसऱ्या वर्षी फार काळजी घेतली. नवरा म्हणायचा की पोटच्या पोराला इतकं जपलं नाहीस. एप्रिलच्या शेवटी फुलं आली, मी पाणी तोडलं, आणि मे उजाडता उजाडता कंपोस्टच्या वाफ्यांनी माना टाकायला सुरुवात केली. अगदी गेल्या वर्षीसारखी. मी इतकी खूश होते की घरी जाताना बसमध्ये उभ्या उभ्या हसत होते.

त्याच आठवड्यात सूचना आली की मंत्रालयातले एक बडे साहेब केंद्राची पाहणी करायला येणार आहेत.

ज्याने सरकारी दिल्ली पाहिली नाही त्याला हे सांगून कळणार नाही. साहेब येणार म्हटलं की आमच्याकडे काम बंद व्हायचं आणि रंगकाम सुरू व्हायचं. रस्त्याच्या कडेच्या विटांना चुना. कुंड्यांना गेरू. ज्या कुंडीत झाड नाही तिच्यात नर्सरीतून आणलेलं झाड, कुंडीसकट पुरलेलं. झाडांच्या बुंध्यांनाही कमरेइतका चुना आणि वर गेरूचा पट्टा. सूक्ष्मदर्शकांवरची धूळ त्याच दिवशी पुसली जायची. जे खातं वर्षभर शिपायाला खुर्ची देत नाही ते साहेबांसाठी लाल गालिचा भाड्याने आणतं. या सगळ्यात शास्त्रज्ञ म्हणवणारी माणसं हाताची घडी घालून उभी असायची आणि "उधर थोड़ा और चूना" असं सांगायची. मी त्यांच्यापैकी एकालाही त्या उत्साहाने सूक्ष्मदर्शकात डोकावताना पाहिलं नाही.

माझे वाफे नेमके मुख्य रस्त्याला लागून होते. सर साहेबांचा रस्ता आखत आखत तिथे आले आणि थबकले. समोर पाटी होती, तिच्यावर माझ्याच हाताने हिंदीत लिहिलेलं, "कम्पोस्ट, सूखा", म्हणजे कंपोस्ट आणि दुष्काळ. आणि पाटीमागे कंपोस्टचा मूग माना टाकून उभा. शेजारी बिनखताचा मूग खुरटा, पण ताठ.

"हे काय गं?" सर म्हणाले. "कंपोस्टवाला जास्त मुरझला?"

"हो सर. गेल्या वर्षीसारखंच. पानं जास्त ना, ओल लवकर संपवतो."

"अगं, पण लिहिलंय कंपोस्ट. साहेब बघतील आणि मला काय विचारतील? की तुमच्या कंपोस्टने फसल मारली?"

"मी समजावून सांगेन सर. दोन मिनिटांचं काम आहे."

"साहेब लोक दोन मिनिटं ऐकत नाहीत, यार. ते बघतात." असं म्हणून त्यांनी माझ्याकडे मायेने पाहिलं. "तू टेन्शन नको घेऊस. मी बघतो."

ते "मी बघतो" मी ऐकलं आणि मूर्खासारखी निश्चिंत झाले. मला वाटलं रस्ता बदलतील, साहेबांना दुसऱ्या बाजूने नेतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बसमधून उतरून आत आले तर पाण्याचा टँकर माझ्या वाफ्यांपाशी उभा. रबरी नळी आत सोडलेली, आणि माळी कंपोस्टच्या ताणाचे वाफे भिजवतोय. चिखल झाला होता. बिनखताचे वाफे मात्र कोरडे ठेवले होते. मी धावत जाऊन नळी ओढली. माळी म्हणाला, "मैडम, साहब का ऑर्डर है. बोले, कंपोस्ट वाले में डालना, बाकी रहने देना." टँकरवाल्याने माझ्याकडे बघितलं नाही, तो विडी ओढत होता. त्यांच्याशी भांडून काय उपयोग होता? मी तशीच चिखलाच्या चपलांनी सरांच्या खोलीत गेले.

सर फोनवर फुलांच्या हाराबद्दल बोलत होते. फोन ठेवून म्हणाले, "बस, चहा घे."

"सर, तुम्ही माझा प्रयोग मारलात."

"अगं, एक दिवसाचं पाणी. फोटोपुरतं. ताण परत दे."

"फुलोऱ्यातला ताण मोडला की मोडला. परत देता येत नाही. पुढचा फुलोरा पुढच्या वर्षी, आणि माझी मुदत यंदा संपते. आणि तुम्ही एकालाच पाणी दिलंत, दुसऱ्याला नाही. आता या दोघांची तुलनाच करता येणार नाही."

"तेच तर," सर उत्साहाने म्हणाले, "कॉन्ट्रास्ट चांगला दिसतो ना! हा हिरवा, तो सुकलेला. साहेबांना एका नजरेत कळेल."

हा माणूस वनस्पतिशास्त्राचा डॉक्टर होता. कधीकाळी त्यानेही कुठल्यातरी उन्हात उभं राहून पानं मोजली असतील. मला तेव्हा त्याची इतकी किळस आली की चहाचा कप तसाच ठेवून मी उठले.

साहेब त्या दिवशी आले नाहीत. संसदेत काहीतरी निघालं म्हणून दौरा पुढे ढकलला. ढकललेल्या दिवशी सकाळी पुन्हा टँकर. पुन्हा निरोप, आज नाही, पुढच्या आठवड्यात. पुढच्या आठवड्यात चुना पुन्हा लावला, गेरू पुन्हा लावला आणि मुगाला पुन्हा पाणी. मी संचालकांना भेटायचा प्रयत्न केला, त्यांच्या पी.ए.ने सांगितलं की ते दौऱ्याच्या तयारीत आहेत. फुलांपासून शेंगा भरेपर्यंत, मुगाला ज्या ज्या दिवशी पाण्याची खरी गरज असते, त्या सगळ्या दिवशी मंत्रालयाच्या कृपेने माझ्या दुष्काळाला पाणी मिळालं. पीक इतकं सुंदर आलं की वाटेने जाणारे थांबून बघायचे. पाटी तीच, "कम्पोस्ट, सूखा".

शेवटी साहेब आले. पांढऱ्या गाड्यांची रांग रस्त्यावरून हळूहळू सरकली. आम्ही सगळे इस्त्रीच्या कपड्यांत उन्हात उभे. माझ्या वाफ्यांपाशी गाडी थांबली, काच अर्धी खाली झाली. सर वाकून म्हणाले, "सर, यह हमारा कंपोस्ट वाला सूखा प्रयोग." आतून आवाज आला, "मोर बहुत हैं आपके यहाँ." सर म्हणाले, "जी सर, बहुत हैं." काच वर गेली, गाडी निघून गेली. साहेब गाडीतून उतरलेच नाहीत. माझ्या तिसऱ्या हंगामाची किंमत एका मोराइतकीही झाली नाही.

एवढ्यावर संपलं असतं तर मी म्हटलं असतं, गाढवपणा झाला, सरकारी गाढवपणा. पण काढणी झाली, शेंगा वाळवून मूग झोडपला, आणि सर आकडे बघायला स्वतः आले. कंपोस्टच्या "दुष्काळी" वाफ्यांनी पाणी दिलेल्या वाफ्यांच्या बरोबरीने उत्पन्न दिलं होतं. ते साहजिकच होतं, कारण त्यांना पाणी दिलेलं होतं. सरांचा चेहरा उजळला. "बघ!" ते म्हणाले. "मी म्हणत नव्हतो? बिल्कुल म्हणत होतो. गेल्या वर्षी काहीतरी गडबड झाली असणार."

मला वाटलं थट्टा करताहेत. मी हसलेसुद्धा. मग मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. तिथे थट्टा नव्हती, नुसता आनंद होता.

पावसाळा संपायच्या आत केंद्राचं शेतकऱ्यांसाठीचं पत्रक छापून आलं. वर माझ्या वाफ्यांचा रंगीत फोटो, हिरवागार मूग आणि शेजारी वाळका. खाली मोठ्या अक्षरांत "कम्पोस्ट डालें, सूखा टालें." गाझियाबादच्या वाटेवर एका गोदामाच्या भिंतीवर मी ती घोषणा रंगवलेली पाहिली. राजस्थान, बुंदेलखंड, कुठे कुठे ती पत्रकं गेली असतील याचा विचार करून मला त्या दिवसांत जेवण जात नव्हतं. कारण ज्याने त्या भरवशावर पाणी राखून ठेवलं नसेल, त्याचा मूग शेंगा भरताना वाळला असणार, आणि त्याने दोष नशिबाला दिला असणार.

माझ्या प्रबंधाची समिती हिवाळ्यात बसली. सगळे जण लोकरी स्वेटर घालून हीटरभोवती. त्यातले बहुतेक जण त्या दौऱ्याच्या दिवशी माझ्याच शेजारी उन्हात उभे होते. मी सांगितलं की तिसऱ्या हंगामात ताणाच्या वाफ्यांना पाणी दिलं गेलं आहे, तो हंगाम रद्द धरावा आणि मला एक वर्ष वाढवून द्यावं. कोणी मान वर केली नाही. अध्यक्ष अगदी समजूतदार आवाजात म्हणाले, "मैडम, इतना मत सोचिए. शीर्षक से 'सूखा' शब्द हटा देते हैं. 'मूँग पर कंपोस्ट का प्रभाव' कर दीजिए. आँकड़े वही रहेंगे. सबका काम हो जाएगा." सर माझ्याकडे बघून मान हलवत होते, घे, घे, म्हणून. किती गोड माणसं होती ती! मला डिग्री द्यायला सगळे तयार होते. फक्त दुसऱ्या हंगामात मी जे डोळ्यांनी पाहिलं ते त्यातून गाळायचं होतं, आणि टँकरचं पाणी कंपोस्टच्या नावावर चढवायचं होतं.

मी नाही म्हटलं. सभ्यपणे म्हटलं नाही. मी म्हटलं, "आप सब वहाँ खड़े थे. आप सबने टैंकर देखा था." त्यावर एकाने चष्मा पुसला आणि दुसऱ्याने विचारलं की चहा सांगितला आहे का. वाढीव मुदत मिळाली नाही. कारण असं दिलं की उमेदवाराने समितीची सूचना मानली नाही.

घरी नवरा म्हणाला, "अगं, फाईल पुढे जाऊ द्यायची. डॉक्टर झाल्यावर खरं लिही हवं तेवढं." त्याचं त्याच्या खात्यात असंच चालायचं आणि त्याला बढत्या मिळायच्या. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. मंडळातल्या बायका म्हणाल्या, आपला माणूस इतकी मदत करत होता आणि हिने स्वभावापायी सगळं घालवलं. खरं आहे, स्वभावापायीच. मी निवृत्त होईपर्यंत सहायक राहिले. माझ्यामागून आलेली पोरं शास्त्रज्ञ झाली आणि मला "मैडम, ज़रा प्लॉट देख लीजिए" म्हणून उन्हात पाठवू लागली. या सगळ्या वर्षांत मी सरांचा द्वेष केला. मनापासून, नेमाने. त्यांना सत्य माहीत आहे आणि तरी ते खोटं बोलले, बढतीसाठी आणि पत्रकासाठी माझा बळी दिला, हे मी स्वतःला सांगत राहिले आणि त्यावर जगले, असं म्हटलं तरी चालेल.

गेल्या उन्हाळ्यात त्यांचा फोन आला. फरीदाबादला मुलाने बांधलेल्या घरात असतात, वय बरंच झालंय, आवाज थरथरतो. नंबर मंडळातून मिळवला म्हणाले. चौकशा झाल्या, गुडघे, साखर, नातवंडं. मग म्हणाले, "अगं, एक विचारायचं होतं. तुझ्याशिवाय कोणाला विचारू? मागे थोडी जमीन आहे, मूग लावलाय. बोअरला पाणी नाही. पण मी कंपोस्ट भरपूर घातलं, स्वतः बनवलेलं. तरी सगळा मुरझून गेला. शेंगा पोकळ. काय चुकलं असेल?"

मी म्हटलं, "सर, पाणी नाही म्हणून."

"हो, पण आपल्या त्या ट्रायलमध्ये? आठवतं ना तुला? एक थेंब पाणी नाही आणि कसा उभा होता! मी अजून सगळ्यांना सांगतो."

इतक्या वर्षांनी हे वाक्य त्यांनी आपणहून माझ्या हातात दिलं होतं. मी अगदी सावकाश म्हटलं, "सर, त्याला पाणी दिलं होतं. टँकरने. तुम्हीच सांगितलं होतं, साहेब येणार म्हणून."

ते हसले. लबाड हसू नव्हतं. एखाद्या वेंधळ्या मुलीची चूक सुधारावी तसं मायेचं हसू होतं. "अगं बाई, ते पाणी साहेबांसाठी होतं," ते म्हणाले. "मी ट्रायलचं विचारतोय."

त्यांच्या डोक्यात ती दोन वेगळी पाणी होती. एक साहेबांना दाखवायचं, ते मुगाने प्यायलंच नव्हतं. हा माणूस कधी खोटं बोललाच नव्हता. ज्याचा मी इतकी वर्षं तिरस्कार केला तो लबाड अस्तित्वातच नव्हता, त्याच्या जागी हा म्हातारा होता, ज्याला आपला वाळलेला मूग बघून खरोखर कोडं पडलं होतं. माझी डिग्री एखाद्या चोराने नेली असती तर मला बरं वाटलं असतं. मला रडू आलं, आणि त्याचा मला भयंकर राग आला.

"हॅलो? आहेस ना?" सर विचारत होते.

"सर, टँकर मागवा," मी म्हटलं. "अजून थोडी फुलं असतील तर चार शेंगा भरतील."

पलीकडून सर डोळे मिटून बोलत असावेत तशा आवाजात म्हणाले, "नको गं. पाणी घातलं तर कंपोस्टने झालं की पाण्याने झालं, हे कसं कळणार?"